'मूळचे कुठले?' या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता?

ठाणेकरीण (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. काकू लिफ्टपाशी भेटल्या. माझं आडनाव ऐकून एकदम खूश. "म्हणजे अलिबागकडच्या तुम्ही! आमचं माहेर चौलचं." मग गप्पा मारत दारापर्यंत आल्या आणि चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळी डबी त्यांना दिसली. "हे काय, सेन्सर आहे का?" म्हटलं, नाही हो, मेझुझा. आत चर्मपत्रावर प्रार्थना लिहिलेली असते. आम्ही ज्यू, बेने इस्राएल.

"अगंबाई! मग तुम्ही मूळच्या कुठल्या?"

दोन मिनिटांपूर्वी मी अलिबागची होते.

काकूंचा राग नाही. दुसऱ्या दिवशी वाटीभर आमटी घेऊन आल्या. पण हा प्रश्न जन्मभर ऐकत आलेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्यात सांगतात ती कथा अशी की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज. कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. ज्या गावात राहिलो त्याला 'कर' लावून आडनावं झाली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. सणांची नावंही इथलीच. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण (दारं लावून घरात बसायचं), आणि ज्या दिवशी वाल खायचे तो बिरड्याचा सण. सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, माझी आजी शेवटपर्यंत 'मशीद' म्हणायची. मुंबईतली सगळ्यात जुनी, १७९६ सालची, तिला तर नावच जुनी मशीद.

धागा काढायचं कारण मात्र काकू नाहीत, लेक आहे. सातवीत आहे. शाळेचा फॉर्म भरायला बसली. धर्माच्या रकान्यात सात पर्याय आणि आठवा 'इतर'. महाराष्ट्रात २०१६ पासून आम्हाला अल्पसंख्याक दर्जा आहे, पण फॉर्म छापणाऱ्यापर्यंत अजून पोचलेला नसावा. तिने विचारलं, "आई, मी इतर आहे का?" मी काहीतरी थातुरमातुर बोलले. थोड्या वेळाने पुन्हा आली. सोसायटीच्या गणपतीत सुखकर्ता खड्या आवाजात म्हणणारी ही मुलगी, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून हिब्रू बराखाही (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणते. विचारते, "पण यातलं मी *जास्त* काय आहे?"

मला उत्तर आलं नाही. बहीण इस्राएलात अश्दोदला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, इथे सगळे मला 'होदीत' म्हणतात. होदू म्हणजे भारत. ठाण्यात आपण इस्राएली, इस्राएलात आपण हिंदी. आई तिच्याकडे राहून आली तेव्हापासून 'आपल्याकडे' म्हणाली की ठाणं की अश्दोद ते कळत नाही.

तुमच्याकडे काय परिस्थिती? फक्त ज्यूंनीच लिहावं असं नाही. आम्ही भारतात चार-पाच हजारच उरलोय, धागा चालायचा नाही.

कावेरीकाठचा

छान लिहिलंय. मी तंजावर मराठी. जन्म चेन्नईचा, सध्या मुक्काम बाणेर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे, त्यांच्याबरोबर जे खाली उतरले त्यांच्यातले आमचे पूर्वज. गादी १८५५ मध्ये खालसा झाली, आम्ही तिथेच राहिलो. घरात मराठी, दारात तमिळ, हिशेब इंग्रजीत.

तिकडे शेजारी आम्हाला 'रायर' म्हणतात, प्रेमाने. भांडण झालं की 'वंदेरी' म्हणतात, म्हणजे बाहेरून आलेले. साडेतीनशे वर्षं होत आली. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास सांगणारा सरफोजींच्या काळातला लांबलचक मराठी शिलालेख आहे. लहानपणी वडील बोट लावून एकेक ओळ वाचून दाखवायचे आणि मागे तमिळ शाळेची सहल उभी असायची, "कोणती भाषा ही?" म्हणत.

म्हणून पुण्यात नोकरी लागली तेव्हा वाटलं, चला, घरी आलो. पहिल्या दिवशी मेसमध्ये तोंड उघडलं आणि टेबल हसायला लागलं. माझी मराठी त्यांना बखरीतला माणूस जेवायला बसल्यासारखी वाटली. "अण्णा, मराठी कुठे शिकलास?" शिकलो कुठे, आईच्या मांडीवर शिकलो!

आणि हो, सांबार संभाजीराजांवरून आलं ही गोष्ट कृपया कोणी सांगू नये. पुरावा नाही, आणि मला आतापर्यंत किमान चाळीस लोकांनी सांगून झाली आहे.

बडोदेवाला

@कावेरीकाठचा, तुमच्यातलेच, तंजावर मराठी टी. माधवराव आमच्या बडोद्याचे दिवाण होते, १८७५ पासून. त्याआधी त्रावणकोर आणि इंदूर. त्या माणसाला कोणी 'मूळचे कुठले' विचारलं असेल तर काय सांगत असेल देव जाणे.

आमचं सोपं आहे. गुजरातीत भांडतो, मराठीत रडतो. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

सरळवळण

स्पष्ट लिहितो, राग नसावा. हे सगळे रिकामपणचे उद्योग आहेत. आमच्या आजोबांना कधी 'मी जास्त काय' असा प्रश्न पडला नाही. सकाळी उठून शेतावर जायचे. मुलीला सांगा, भारतीय लिही. विषय संपला.

आडनाव_सांगणार_नाही

@सरळवळण, राष्ट्रीयत्वाचा रकाना त्या फॉर्ममध्ये वेगळा असतो. तो सगळेच भरतात, तिथे कोणी अडत नाही. अडतं ते त्याच्या खालच्या दोन रकान्यांत.

आजोबांना प्रश्न पडला नसेल कारण त्यांना कोणी विचारला नसेल. माझ्या आजोबांना रोज विचारायचे, विहिरीपाशी.

ठाणेकरीण, तुमच्या काकू निदान मनापासून विचारत होत्या. मी पुण्यात खोली शोधत होतो तेव्हाचा क्रम सांगतो. "मूळचे कुठले?" जिल्हा सांगितला. "तिथले कुठले?" तालुका सांगितला. "आडनाव?" गावावरून आहे, त्यावरून कळेना. मग एकदम "कुलदैवत कोणतं तुमचं?" मी म्हटलं, आम्ही बौद्ध. खोली तासाभरापूर्वीच दुसऱ्या कोणाला दिलेली निघाली. पाटी आठवडाभर तशीच होती, रोज बसमधून दिसायची.

म्हणजे हा प्रश्न गावाचा नसतोच पुष्कळदा. चौकशी वेगळीच असते, गावाच्या रस्त्याने येते.

पण तुमच्या लेकीचा जो प्रश्न आहे तो मला दुसऱ्या कारणाने ओळखीचा वाटला. आजोबांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. घरातले देव त्याच आठवड्यात नदीत सोडले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आजी सगळ्यात सामील होती, बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या. आणि तीच आजी भाकऱ्या थापताना चोखोबांचे अभंग गुणगुणायची. वडील चिडायचे. म्हणायचे, आपण सोडलं ना ते? ती म्हणायची, "इठ्ठल सोडला रं. चोखोबा आपलाच हाय, त्याला कुटं सोडू?" आणि पुढची भाकरी तव्यावर.

हापिसात मला कौतुकाने सांगतात, "तू त्यांच्यातला वाटत नाहीस हां अजिबात." गावी गेलो की पोरं 'सायेब' म्हणतात आणि ओट्यावरची गप्पा थांबते. दोन्हीकडे चहा मिळतो, नाही असं नाही.

सरळवळण

खोलीचं वाचून वाईट वाटलं. पण अपवादावरून नियम काढू नये एवढंच म्हणतो.

आडनाव_सांगणार_नाही

सात खोल्या पाहिल्या होत्या. अपवाद कितव्या खोलीपासून नियम होतो तेवढं सांगा.

बडोदेवाला

मंडळी, धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका. चांगलं चाललंय.

खाडीपल्याड

वाचनमात्र होतो, पण 'मशीद' वाचून राहवलं नाही. मी कोकणी मुसलमान, रेवदंड्याकडचा. आमच्यातही 'कर' ढिगाने आहेत. आडनाव ऐकलं की समोरच्याचा चेहरा फुलतो आणि पहिलं नाव ऐकलं की जरासा आवरला जातो. या दोन्हींच्या मधला जो अर्धा सेकंद असतो ना, तो मला आता घड्याळ न लावता मोजता येतो.

घरात कोकणी बोलतो, शाळा उर्दू, एसटी स्टँडवर मराठी. मुंबईत उत्तरेकडचे भाई म्हणतात, "आपकी उर्दू कुछ अलग है." मराठी मित्राची आई म्हणते, "किती छान मराठी बोलता हो तुम्ही!" दुबईत अकरा वर्षं काढली, तिथे एकच नाव: हिंदी. खरं सांगू का, ती अकरा वर्षं या बाबतीत निवांत गेली. बाकी सगळ्या बाबतींत हाल.

आजोबांच्या शेजारी तुमच्या समाजाचं घर होतं. आजोबा त्यांना 'इस्राएलभाय' म्हणायचे. साठच्या दशकात ते लोक गेले. जाताना चावी आमच्याकडे ठेवून गेले, पावसाळ्यात कौलं बघा म्हणून. आजोबांनी पंधरा-वीस पावसाळे कौलं शाकारली. मग घर पडलं. चावी अजून अम्मीच्या कपाटात आहे, हातभर लांब, लोखंडी. कुठल्या कुलपाची ते आता कुलूपच राहिलं नाही तर काय सांगणार.

ठाणेकरीण

@खाडीपल्याड, "छान मराठी बोलता" याला हजार वेळा +१. माझ्या वडिलांना एका निवृत्त मास्तरांनी हेच म्हटलं होतं. वडील म्हणाले, "तुम्हीही बरी बोलता."

चावीचं वाचून आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती.

@आडनाव_सांगणार_नाही, तुमची आजी डोक्यातून जात नाहीये. आमच्यातही असलं पुष्कळ आहे. १८८० च्या सुमाराला आमच्या लोकांनी कीर्तनं सुरू केली. अगदी टाळ-पेटीसकट, ओव्या, साक्या, सगळं. फक्त आख्यान अब्राहमाचं नाहीतर योसेफाचं. आणि पुण्यात १८७४ ला वल्हांडणाच्या (पासोव्हरच्या) सणाची पोथी छापली होती, हिब्रू आणि मराठीत. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्यात. लेकीला ते चित्र दाखवलं. म्हणाली, "ही पणजीसारखी बसलीय." खरंच तशीच, एक गुडघा वर.

खादाडखाऊ

सगळे इतकं गंभीर लिहितायत, त्यात विचारणं बरं दिसत नाही, तरी विचारतो. एका मैत्रिणीच्या मेंदीला गेलो होतो, तिथे गोड पोहे आणि फळांचं ताट होतं. काय प्रकार असतो तो? पाककृती मिळेल का?

ठाणेकरीण

बरं दिसतं की! तो मलिदा. लग्न, नवं घर, नवस फिटला, परीक्षा पास झाली, काहीही चांगलं झालं की एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने करायचा. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा. अजून बसेस भरून जातो आम्ही.

जाडे पोहे धुऊन निथळून ठेवायचे. ओलं खोबरं हात न आखडता, साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, बदाम-पिस्ते. हाताने कालवायचं, चमच्याने नाही. मधे ढीग, भोवती पाच तरी फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. प्रत्येक फळाला बराखा म्हणायची: झाडावरच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. केळं जमिनीच्या बाजूला जातं, कारण आमच्या शास्त्रात केळ हे झाड नाही. दरवर्षी कोणीतरी चुकतं आणि दरवर्षी तोच आजोबा ओरडतो.

दूध घालू नका. मागाहून मटण असतं आणि मटणाबरोबर दूध आम्हाला चालत नाही. म्हणून सगळं नारळाच्या दुधात. काशेर (खाण्यापिण्याचे आमचे नियम) पाळायला कोकणाइतका सोयीचा मुलूख दुसरा नसेल!

खाडीपल्याड

मलिदा आमच्याकडे दर्ग्यावर असतो. आमचा चपातीचा चुरून.

खादाडखाऊ

वाचनखूण साठवली. बोंबील चालतो का तुम्हाला?

ठाणेकरीण

आमच्या घरात नाही, मामाकडे चालायचा. यावर स्वतंत्र धागा निघेल आणि तोही दोनशे प्रतिसादांचा.

पण माशांवरून आठवलं ते लिहूनच टाकते. आमच्यात एक जुनी गोष्ट आहे. दाविद राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. कधी आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याला संशय आला की हे शनवार तेली आपल्यातलेच. खात्री करायला त्याने बायकांपुढे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. का, ते त्यांना सांगता येईना. पटली ओळख.

आता माझी कोळीण. चेंदणीची आहे, माझ्या आईला मासे द्यायची, आता मला देते. मी समोर उभी राहिले की बोलता बोलता तिचा हात आपोआप कोळंबीचं सूप मागे ढकलतो. "मुशी बघू नको, तुझी नाय ती." मग खालून जिताडा काढते. नखाने एक खवला उचकटून माझ्या तळहातावर ठेवते, "ही बघ टिकली. झाला तुझा?" तिने मला आजवर एकदाही विचारलं नाही की तुम्ही असं का करता, तुम्ही कोण, मूळच्या कुठल्या. भावात मात्र पाच पैसे सोडत नाही.

परवा लेकीला मुद्दाम बरोबर नेलं. कोळणीने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातावरही एक खवला ठेवला. पोरगी तो वहीत चिकटवून बसली. वहीला आता वास येतोय.

कावेरीकाठचा

हे वाचून मेसच्या काकू आठवल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर त्याही हसल्या होत्या. आता शेवटचा भात ताकाबरोबर लागतो म्हणून माझ्यापुरता वेगळा काढून ठेवतात. "बखर आली का जेवायला?" असं अजून विचारतात. मीही आता चिडत नाही.

लोदहून

नमस्कार. माझे मराठी टंकलेखन हळू आहे, चुका पोटात घालाव्यात. भाचीने हा धागा पाठविला.

माझा जन्म पनवेलचा, १९५७. आम्ही १९६१ मध्ये इस्राएलला आलो. वडील आगगाडीच्या कारखान्यात फिटर होते. इथे आल्यावर पुढच्याच वर्षी मोठ्या रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कचेरीने सूचना काढली की बेने इस्राएल माणसाचे लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावायचे असेल तर त्याचे पूर्वज तपासावेत, जितक्या पिढ्या मागे जाता येईल तितक्या. आमचे लोक फार दुखावले. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला धरणे धरून बसले. वडीलही गेले होते, डब्यात चपाती-बटाटा घेऊन. ऑगस्टमध्ये संसदेने सांगितले की हे सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि भेद करू नये. मग सूचना बदलली.

वडील म्हणायचे, नवगावच्या घाण्यावर आम्ही शनिवार पाळला तेव्हा शेजाऱ्यांनी दाखला मागितला नाही. दाखला मागितला तो घरी आल्यावर.

आता ते सारे मागे पडले. मुलगा मोरोक्कोच्या मुलीशी लग्न करून सुखी आहे. सून वालाचे बिरडे माझ्यापेक्षा चांगले करते, साले काढायचा तिला कंटाळा नाही. नातवंडांना 'पुरे', 'गप बस' आणि 'अगं बाई' इतकेच मराठी येते, पण ठसक्यात येते. इथे आमचे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते, ते मी सांभाळून ठेवते. वाचणारे कमी झाले.

आई ब्याण्णव वर्षांची आहे. तिचे माहेर ठाणे, टेंभी नाक्याच्या देवळाजवळ. साठ वर्षे बोललेले हिब्रू ती गेल्या दोन वर्षांत विसरली. फक्त मराठी उरले. सांभाळणारी बाई फिलिपिन्सची आहे. ती आता 'पाणी', 'दुखतंय' आणि 'नको गं' शिकली आहे. आई तिला 'शांते' म्हणून हाक मारते. ती ओ देते.

व्याकरणप्रेमी

वर सगळ्यांनी 'कोळीण' चे रूप 'कोळणीने' बरोबर लिहिले आहे, अभिनंदन. मात्र 'ओट्यावरची गप्पा थांबते' हे चूक आहे. गप्पा अनेकवचनी असतात: ओट्यावरच्या गप्पा थांबतात.

लोदच्या मावशींचे मराठी या धाग्यावरचे सर्वांत शुद्ध आहे.

आडनाव_सांगणार_नाही

गावात एकच जण बोलत असतो, बाकीचे ऐकतात. म्हणून एकवचन. :)

सरळवळण

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण थोडी भर घालतो. बायको कारवारची. माझा मुलगा माझ्या आईशी मराठी आणि तिच्या आईशी कोंकणी बोलतो. काल त्याला सहज विचारलं, तू जास्त काय? म्हणाला, "जेवायला काय आहे त्यावर."

खाडीपल्याड

लोदच्या मावशी, एक विचारायचं होतं. रेवदंड्याहून गेलेलं कोणी तिकडे तुमच्या ओळखीत आहे का? चावीचा फोटो अम्मीकडून मागवलाय. घराच्या मागे फणस होता एवढी खूण आजोबा सांगायचे.

लोदहून

विचारते. पुढच्या शुक्रवारी रामलेला सर्व म्हातारी मंडळी भेटतात, तेथे फोटो दाखविते. फणस पुष्कळांच्या घरामागे होता, तरी बघू.

ठाणेकरीण

@खाडीपल्याड, काही कळलं तर इथेच लिहा, व्यक्तिगत निरोप नको. सगळे वाट बघतायत.

फॉर्मचं राहिलं सांगायचं. लेकीने 'इतर' वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात 'ज्यू' लिहिलं. मग मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' इतकं मोठं लिहिलं की रेघेबाहेर गेलं. शाळेने फॉर्म परत पाठवला. मी जरा घाबरतच उघडला. फोटो चिकटवायचा राहिला होता.

लोदहून

हा सर्व धागा आज आईला मोठ्याने वाचून दाखविला. दोन वेळा थांबावे लागले. सर्व ऐकून तिने एकच विचारले: ठाण्याला पाऊस लागला का?

ठाणेकरीण

त्यांना सांगा, लागला. परवा रात्रीपासून. टेंभी नाक्यावर नेहमीसारखं पाणी तुंबलंय.